मुलीचं गणित कच्चं आहे

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.२०

शुक्रवारी परिपत्रक लागलं. वरिष्ठ मोजणीदार पदासाठी खात्याची परीक्षा, २८ फेब्रुवारीला. एकच पेपर, बीजगणित आणि भूमिती. शंभर मार्क, पास व्हायला चाळीस. पास झालेल्यांत जो सेवेत जुना, त्याला जागा. परीक्षेला जास्तीत जास्त तीनदा बसता येतं. माझी ही तिसरी वेळ.

पहिल्या वेळी हॉलमध्ये उजेड कमी होता. दुसऱ्या वेळी पुढे बसलेला माणूस सारखी मान हलवत होता. या दोन्ही गोष्टींना मी जबाबदार नाही.

परिपत्रकात शेवटी ठळक अक्षरात: केवळ उत्तर लिहिल्यास गुण नाहीत, सर्व पायऱ्या दाखवणे आवश्यक. हे वाक्य मला उद्देशून आहे यात शंका नाही. बावीस वर्षं सरकारी इमारतींच्या खोल्या मोजतोय. भिंतीला टेप लावली, आकडा आला, लिहिला. खोलीने कधी पायऱ्या मागितल्या नाहीत.

निश्चय: रोज सकाळी सहाला उठून दहा गणितं. चोपन्न दिवस, पाचशे चाळीस गणितं. आज उठायला वीस मिनिटं उशीर झाला, म्हणून आजचा दिवस धरत नाही.

घरी सांगायचं नाही. मागच्या दोन्ही वेळी परीक्षा पुढे ढकलली असं सांगितलंय. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे ही परीक्षा सहा वर्षं नुसती पुढेच चालली आहे.

६ जानेवारी

एक गणित केलं. सोडवलं असं म्हणता येणार नाही, पण स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं.

ऑफिसात रबरबँडने विचारलं, सर, तयारी कशी चाललीय? रबरबँड म्हणजे आमच्या सेक्शनचा नवा मोजणीदार. चार वर्षं झाली तरी नवाच. मनगटाला कायम दोन रबरबँड. तोही परीक्षेला बसतोय, आणि जागा एकच. मी म्हटलं, कसली तयारी? तो हसला. दात सगळे सरळ आहेत त्याचे. अशा माणसाचा भरवसा धरू नये.

७ जानेवारी

पँटच्या खिशात परिपत्रकाची कॉपी होती. चुरगळलेली होती. आज काढली तर कडक, इस्त्री केल्यासारखी. बायकोने कपडे धुतले, पण कागदाबद्दल चकार शब्द नाही. तिला वाचायला वेळ नसेल. तिच्याकडे सध्या शाळेच्या युनिफॉर्मच्या शिलाईचं काम आहे. तरी लक्ष ठेवायला हवं.

८ जानेवारी. सकाळी ७.०५

तोडगा सापडला. मुलगी नववीत आहे. तिच्या पुस्तकात नेमका माझ्या परीक्षेचाच अभ्यासक्रम. मी तिला शिकवायला बसायचं. शिकवता शिकवता माझी उजळणी होईल, कुणाला संशय येणार नाही, आणि पोरीचंही भलं होईल. तिचं गणित कच्चं असणार. माझी मुलगी असली तरी आईच्या वळणावर गेली आहे.

जेवताना जाहीर केलं, रविवारपासून मी तुला गणित शिकवणार. मुलीने आईकडे पाहिलं. आईने मुलीकडे पाहिलं. मग मुलगी म्हणाली, बरं झालं बाबा, मला खूप अडतंय.

इतक्या पटकन? नववीतली पोरगी बापाच्या शिकवणीला एका वाक्यात तयार होते? कुठेतरी पाणी मुरतंय.

११ जानेवारी, रविवार

पहिला धडा. आयताची परिमिती चाळीस. लांबी ही रुंदीच्या दुपटीपेक्षा पाचने जास्त. लांबी-रुंदी काढा.

म्हटलं, बघ आता. हा माझ्या रोजच्या कामाचा विषय. रुंदी क्ष धरली. लांबी दोन क्ष अधिक पाच. परिमिती म्हणजे दोघांची बेरीज करून दुप्पट. फटाफट सोडवलं. रुंदी पाच पूर्णांक त्र्याऐंशी शतांश. पुस्तकामागे उत्तर होतं पाच आणि पंधरा. मी तिला समजावलं की पुस्तकवाले आकडे गोल करून टाकतात. खऱ्या खोल्या अशा गोल नसतात.

ती म्हणाली, बाबा, मला एक कळत नाहीये. दोनने कंसाला गुणताना फक्त क्षला गुणायचं की त्या पाचलाही? बघा, इतका साधा प्रश्न! मी म्हटलं, दोघांनाही, कंस काय शोभेला असतो का? ती म्हणाली, मग इथे करून दाखवा ना. करून दाखवलं. रुंदी पाच आली, लांबी पंधरा.

म्हणजे पहिल्यांदा माझ्याकडून मुद्दामच तसं झालं असणार. विद्यार्थ्याला चूक दिसावी म्हणून शिक्षक असं करतो. नंतर माझ्या लक्षात आलं.

१३ जानेवारी

मुलीची परिस्थिती मला वाटलं होतं त्याहून गंभीर आहे. तीन क्ष उणे सात बरोबर दोन क्ष अधिक पाच. मी उत्तर काढलं, उणे दोन. ती गाल फुगवून बसली. म्हणाली, बाबा, मला पडताळा घ्यायला जमत नाही, तुम्ही घेऊन दाखवता? घेतला. डावीकडे उणे तेरा, उजवीकडे अधिक एक. म्हटलं, एवढातेवढा फरक चालतो, टेप ताणली गेली की होतं असं. ती म्हणाली, इथे टेप नाहीये ना पण. मग विचारलं, सात पलीकडे जाताना त्याचं काय होतं?

पोरीला हेही ठाऊक नाही. अधिक होतं, म्हणून सांगितलं. उत्तर बारा आलं. तिने वहीत टिक केली. स्वतःच्या वहीत टिक करायचा तिला काय अधिकार, हे विचारायचं राहून गेलं.

सहामाहीचे मार्क विचारले. म्हणाली, पेपर बाईंकडेच आहेत. जानेवारी अर्धा संपत आला, पेपर अजून बाईंकडे? काहीतरी लपवते आहे.

१४ ते १७ जानेवारी

सकाळी उठणं झालं नाही. हवा गार.

१८ जानेवारी, रविवार

भूमिती. दहा मीटर लांबीची शिडी, तिचा पाय भिंतीपासून सहा मीटरवर. शिडी भिंतीवर किती उंचीला टेकेल? मी म्हटलं चार. दहातून सहा गेले.

मग मला गणिताचीच शंका आली. भिंतीपासून सहा मीटरवर शिडी कुणी लावतं का? सरकेल, माणूस पडेल, चौकशी लागेल. मी स्वतः दोन शिड्यांवरून पडलोय. हे पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात भिंत पाहिलेली नाही. अर्धा तास मी तिला हे पटवून दिलं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खरं आहे बाबा, मूर्खच आहे तो माणूस. पण त्या मूर्खाची शिडी किती उंच जाईल? मला वाटतं वर्गाचं काहीतरी असतं, पण मला आठवत नाही. मला आठवलं. कर्णाचा वर्ग, त्यातून पायाचा वर्ग वजा. शंभरातून छत्तीस, चौसष्ट, आठ. मी पायऱ्या ओळीने लिहिल्या. शेवटची ओळ लिहिताना छातीत काहीतरी हललं. बहुधा ॲसिडिटी.

२१ जानेवारी

रबरबँडने स्वतःच्या नोट्सची झेरॉक्स आणून दिली. म्हणाला, सर, सगळी सूत्रं एका जागी आहेत, तुम्हाला उपयोगी पडतील. स्पर्धक स्वतःहून नोट्स देतो? यात सूत्रं बदललेली असणार. एखादं अधिक उणे, एखादा वर्ग गायब. मी तोंडदेखलं थँक्यू म्हटलं आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. चहाचा कप ठेवायला बरा आहे.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी झोपेतून उठून पाणी प्यायला गेलो तर शिलाई मशीनपाशी दोघींची कुजबुज. मी आत गेलो आणि एकदम शांतता. मुलगी म्हणाली, आई, बटण कुठलं लावतेस? बायको म्हणाली, पांढरं. मशीनवर निळं कापड होतं. निळ्या कापडाला पांढरं बटण लावणारी माझी बायको नव्हे.

दाराशी पुन्हा येऊन कान दिला. इतकंच ऐकू आलं: आता फक्त वयांची उदाहरणं राहिली, ती येतील ना वेळेत? मग मशीन सुरू झालं.

कुणाला येतील?

सुरक्षेसाठी या रोजनिशीच्या पानांत माझा एक केस ठेवायला सुरुवात केली आहे. केस हलला की समजायचं, कुणीतरी वाचली.

२७ जानेवारी

केस सापडत नाही. पुन्हा ठेवायला काढवत नाही, आधीच बेताचे आहेत. वहीच ऑफिसच्या बॅगेत ठेवतो.

२९ जानेवारी

वर्गसमीकरण. उत्तरं दोन आली, दोन आणि तीन. मला हे मान्य नाही. आमच्या ऑफिसात एका खोलीची दोन मापं लिहून दिली तर मेमो मिळतो. मी तिला म्हटलं, यातलं एक खोटं आहे, आपण शोधून काढू. वीस मिनिटं शोधलं. दोन्ही खरी निघाली. ती म्हणाली, बाबा, कधी कधी कुणीच खोटं बोलत नसतं. लहान आहे अजून, जग पाहिलेलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

दार लावून लिहितोय.

मुलगी आईबरोबर दोरे आणायला गेली होती. कंपास शोधायला तिच्या गादीखाली हात घातला (कंपास टेबलावरच होता, पण आधी गादी पाहावी असं वाटलं). दुसरी वही सापडली. निळं कव्हर, नाव नाही. आत तारखा आणि नोंदी. मुलीचंच अक्षर. जशाच्या तशा उतरवून ठेवतो:

“११ जाने. कंस सोडताना फक्त पहिल्या पदाला गुणलं. १३ जाने. बाजू बदलताना चिन्ह बदललं नाही, उत्तर उणे दोन. असली अजून सहा द्यायची. १८ जाने. शिडी: दहातून सहा वजा. चूक दाखवली की चिडतात. आपल्याला अडलंय असं दाखवलं की स्वतःच शोधून काढतात. २९ जाने. आज सगळ्या पायऱ्या बरोबर! कौतुक करायचं नाही, संशय येईल.”

चित्र स्पष्ट आहे. माझी मुलगी कुणाला तरी चोरून गणित शिकवते. माझ्याकडून शिकायचं आणि तिकडे नेऊन द्यायचं. तारखाही त्याच, गणितंही तीच. “चिडतात” असं आदरार्थी लिहिलंय, म्हणजे इसम वयाने मोठा. आणि डोक्याने अगदीच सुमार. शिडीचं उत्तर त्यालाही चारच आलं, हा योगायोग आहे, पण माझ्या चारमागे अनुभव होता. याच्या चारमागे काय?

आणि चिडका. शिकवणाऱ्या पोरीवर चिडतो! त्याच्या घरच्यांची कीव येते.

३ फेब्रुवारी

दाढ दुखतेय हे माझं नेहमीचं कारण सांगून ऑफिसातून दोनला निघालो. शाळा अडीचला सुटते. आमच्या बिल्डिंगसमोर एक बंद पडलेला टेम्पो असतो, त्याच्या आड उभा राहिलो. मुलगी आली. एकटी. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली, दप्तरातून निळी वही काढली आणि पाऊण तास काहीतरी लिहीत बसली. कुणीही आलं नाही. खोडते, विचार करते, पुन्हा लिहिते. पेन्सिलीचं टोक चावते. अंगावर स्वेटर नव्हता.

मग मान वर न करता म्हणाली, बाबा, दाढ दुखतेय का? उन्हात उभे राहू नका.

टेम्पोखालून चपला दिसत होत्या. पुढच्या वेळी बूट.

८ फेब्रुवारी, रविवार

आज निकाल लावायचा ठरवलं. भूमितीत सिद्धता लिहितात तशी फुलस्केपवर लिहून काढली. पक्ष: क्ष हा बाहेरचा एक इसम असून मुलीकडून गणित शिकतो. साध्य: मुलगी बाहेरच्या इसमाला गणित शिकवते. पुरावा: निळी वही, कुजबुज, पांढरं बटण. सिद्धता: अकरा पायऱ्या, प्रत्येकीसमोर कारण. म्हणून मुलगी बाहेरच्या इसमाला गणित शिकवते. हेच सिद्ध करायचे होते. खाली सही.

टेबलाशी दोघींना बसवून वाचून दाखवलं. बायकोने पदर तोंडाला लावला. लाजली असावी.

मुलीने कागद मागितला. नीट वाचला. माझ्याइतक्या शांतपणे ती कधी वाचत नाही. म्हणाली, पायऱ्या छान लिहिल्यात बाबा, एकही गाळली नाही. पण जे सिद्ध करायचं तेच तुम्ही पहिल्या ओळीत धरून चाललात. क्ष बाहेरचा आहे हे कुठे दिलंय? घरातलाही असू शकतो.

मी विचार केला. घरात आम्ही तिघं. ती स्वतः शिकवणारी, ती वगळली. आईला गणित लागतच नाही, कापड बिनचूक कापते ते अंदाजाने, ती वगळली. उरलं कोण? कुणीच नाही. म्हणजे इसम बाहेरचाच. तिला हे तोंडी सिद्ध करून दाखवलं. पोरीने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

शेवटी सरळ विचारलं, कोण आहे तो? म्हणाली, आहेत एक. खूप चांगले आहेत. येतंही त्यांना. पण कुणावर विश्वास नाही, आणि स्वतःवर तर मुळीच नाही. मी बजावलं, असल्या माणसापासून लांब राहायचं. ती म्हणाली, ते काही जमायचं नाही मला. बायको उठून आत गेली आणि पाण्याचा नळ बराच वेळ वाहत होता.

मग मुलीने दप्तरातून सहामाहीचा पेपर काढून पुढे ठेवला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.

मी महिने मोजले. सहामाही ऑक्टोबरात झाली आणि मी शिकवायला लागलो जानेवारीत. तरीही, घरात वातावरण तयार व्हायला वेळ लागतोच. माझ्या असण्याचा परिणाम असणार.

जे सिद्ध करायचं ते पहिल्या ओळीत धरायचं नाही. हे परीक्षेसाठी वेगळं लिहून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलीला वयांची उदाहरणं अडली म्हणे. अठ्ठेचाळीसवाल्या मुलीला? पण वादात पडलो नाही. एका बैठकीत पाच सोडवून दिली. पाचही बरोबर. तिने अजून पाच काढली, तीही. मग अजून दहा. माझ्या लक्षात आलं की ती मुद्दाम सोपी निवडते, मला खूश करायला. माझ्याकडून काहीतरी हवंय तिला. फोन असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहाला उठलो. स्वतःहून. मुलगी आधीच पुस्तक उघडून बसली होती, समोर दोन कप चहा. बायकोने शर्टाला नवा खिसा लावून दिला, आतल्या बाजूला चेन. म्हणाली, पेनं पडायची नाहीत. पेनं कशाला लागणार आहेत मला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, ऑफिसात लागतात ना?

तीन तास बसलो. चुका दोन. खरं सांगायचं तर मजा आली. ओळीखाली ओळ लिहीत गेलं की उत्तर आपोआप येऊन उभं राहतं, ओढून आणावं लागत नाही. बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीला तसं बोललो तर तिने पुस्तकात तोंड घातलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.३०

पेपर झाला. घरी ऑफिसच्या मोजणीला जातो असं सांगून निघालो होतो. निघताना मुलगी दारापर्यंत आली, म्हणाली, बाबा, पडताळा घ्या हं. मोजणीचा पडताळा! लेकरू भोळं आहे.

हॉलमध्ये उजेड भरपूर. पुढचा माणूस मान हलवत नव्हता, कारण पुढे रबरबँड होता आणि तो लिहीत होता.

पेपर संशयास्पद होता. फार बरा होता. पहिल्या चारातले तीन आले. शिडीऐवजी खांब आणि दोरी. मी सावध झालो. आणि मग सातव्या प्रश्नात सापळा सापडला. आठ मार्कांचा. वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पंधरा वर्षांनी ते तिच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वयं काढा.

लिहीत गेलो. सहा ओळी, एकही पायरी गाळली नाही. मुलगी पंधरा, वडील पंचेचाळीस.

पेन तिथेच थांबलं. मी पंचेचाळीस वर्षांचा. माझी मुलगी पंधराची. हे आकडे पेपर काढणाऱ्याला कुठून मिळाले? सर्व्हिस बुकातून. म्हणजे उमेदवाराने स्वतःच्या घरचे आकडे बघून गडबडीत तेच लिहावेत आणि फसावं, अशी योजना. शिवाय खात्याच्या परीक्षेत आठ मार्कांचं गणित सहा ओळींत सुटत नसतं. दुसऱ्या वेळेच्या परीक्षेत असलंच गणित मला दोन पानांत सुटलं नव्हतं.

पट्टी लावून सगळं उत्तर तिरकं खोडलं. नीट, दोन रेघा. दुसरं उत्तर शोधायला वेळ उरला नाही, पण सापळ्यात पडलो नाही हे महत्त्वाचं.

बाहेर रबरबँड म्हणाला, सर, सातवा मस्त होता ना? मी नुसता हसलो. गेला बिचारा.

२ मार्च

वरिष्ठ मोजणीदाराची खुर्ची खिडकीपाशी आहे. जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना बसून पाहिली. दुपारी ऊन येतं. पडद्याचा अर्ज कच्चा लिहून ठेवला.

११ मार्च

मुलीने दोनदा सहज म्हणून विचारलं, ऑफिसात काय नवीन? हिला ऑफिसात एवढा रस कधीपासून?

२० मार्च, शुक्रवार. सायंकाळी ५.४०, ऑफिस

सगळे गेले आहेत. मी बसलोय.

साडेतीनला साहेबांनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. म्हणाले, बसा. साहेब मला कधी बसा म्हणत नाहीत.

छत्तीस.

मी म्हटलं, फेरतपासणी व्हावी, मला शंका आहे. त्यांनी उत्तरपत्रिका मागवूनच ठेवली होती. सातवा प्रश्न उघडला. माझ्या दोन रेघांच्या खाली माझंच अक्षर, स्वच्छ. म्हणाले, हे संपूर्ण बरोबर आहे, तपासणाऱ्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. आठ मार्क. पण खोडलेलं उत्तर तपासता येत नाही, नियम आहे. का खोडलंत हो? सहा वर्षं तुमची वाट बघून ही जागा मी रिकामी ठेवली होती.

मला वाटत होतं की साहेबांना मी नको आहे.

रबरबँड एकाहत्तर. तो येऊन उभा राहिला. मग म्हणाला, सर, मला वाटलं होतं तुमचंच होईल. ड्रॉवरमधून त्याच्या नोट्स काढल्या. वर कपाचे गोल डाग. आज पहिल्यांदा उघडून वाचल्या. एकही सूत्र बदललेलं नव्हतं.

चौथी वेळ नसते.

२१ मार्च, शनिवार

काल घरी गेल्यावर सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली. कोणती परीक्षा, असं कुणीच विचारलं नाही. मी घरात या वेळी परीक्षेचं नावही काढलं नव्हतं, हे बूट काढताना माझ्या लक्षात आलं. बायको म्हणाली, बरं, हातपाय धुऊन घ्या. मुलगी खोलीत गेली, तिच्या मागोमाग बायको.

मी दाराशी उभा राहिलो. सवयीने. आत ती रडत होती. आईला सांगत होती, माझंच चुकलं. वयांची वीस करून घेतली मी त्यांच्याकडून, तीस करून घ्यायला हवी होती. त्यांना येत होतं गं आई. सगळं येत होतं. मीच कुठेतरी कमी पडले.

निळ्या वहीतला तो सुमार, चिडका इसम दाराच्या या बाजूला उभा होता आणि आत पोर त्याच्यासाठी रडत होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दोनदा नापास झालो तेव्हाही नाही.

दार ढकललं. म्हटलं, रडू नकोस. तू शिकवलेलं बरोबर आलं होतं. वयांचंच आलं होतं, आठ मार्कांना. सहा ओळींत सोडवलं. मग मीच खोडलं.

तिने डोळे पुसले. म्हणाली, का पण बाबा? मी म्हटलं, उत्तर पंधरा आणि पंचेचाळीस आलं. तुझं आणि माझं वय. मला वाटलं कुणीतरी फसवतंय.

ती मग म्हणाली, अहो बाबा, मग पडताळा आणखी काय घ्यायचा होता?

बायकोने तिघांना चहा आणला.

आज सकाळी सहाला जाग आली. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पडल्या पडल्या तो प्रश्न पुन्हा बोटांवर मोजून पाहिला. पंधरा वर्षांनी ती तीस, मी साठ. बरोबर दुप्पट. आणि मोजणीदार म्हणूनच निवृत्त.